पप्पांचा ओके रिपोर्ट

आमच्या घरचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तीन माणसांचा आहे. पप्पा, आई आणि मी. पप्पा सैन्यातून कायमचे घरी आले त्याच आठवड्यात त्यांनी तो तयार केला, त्याला ‘घर’ असं नाव दिलं आणि पहिला मेसेज टाकला: ‘बाहेर जाणाऱ्याने पोहोचताच ओके रिपोर्ट देणे.’

आईने तो स्वयंपाकघरात वाचला. पप्पा बाहेरच्या खोलीत बसले होते. बदलापूरला हेंद्रेपाड्यात आमचा फ्लॅट आहे, एवढा लहान की त्या दोघांमध्ये फार तर दहा पावलं असतील. तरी तिने उत्तर ग्रुपवरच दिलं: ‘कुकरपर्यंत सुखरूप पोहोचले. दोन शिट्ट्या झाल्या. शत्रू दिसला नाही.’

पप्पांनी त्यावर अंगठा टाकला. त्यांना ती चेष्टा वाटलीच नाही.

मी लहान होते तेव्हा पप्पा म्हणजे वर्षातले दोन महिने. ते रजेवर आले की पहिले काही दिवस मी त्यांच्यासमोर गप्प असायचे, आणि बोलायची जरा सवय व्हायला लागली की त्यांची काळी ट्रंक पुन्हा भरायला घेतलेली दिसायची. मला इंग्लिश मीडियममध्ये घालायचा हट्ट त्यांचाच. नंतर मी शाळेतलं काही सांगायला लागले की ते मन लावून ऐकायचे आणि शेवटी म्हणायचे, ‘शाब्बास’. त्यांना त्यातलं किती कळायचं ते मी कधी विचारलं नाही. मी कुणालाच फार काही विचारत नाही. शाळेत आम्हाला ‘हाऊ आर यू’ला ‘फाईन’ म्हणायला शिकवलं होतं. ते मला फार सोयीचं पडलं. एका शब्दात समोरचा माणूस परत जातो.

आता पप्पा बारा महिने घरी असणार होते. चोवीस वर्षांची नोकरी संपली होती. हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस घरात हवालदारासारखाच आला. ते चार मिनिटांत जेवायचे. सकाळी त्यांच्या चादरीची घडी इतकी काटेकोर असायची की आई म्हणायची, ‘हिच्या कडेने वड्या कापता येतील.’ सोफ्याची जागा त्यांनी बदलून घेतली, कारण दाराकडे पाठ करून त्यांना बसवेना. हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. सैन्यातल्या माणसाच्या घरी असं चालतंच, असं बिल्डिंगमधल्या बायका म्हणायच्या.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, आणि ती मी कुणाला सांगितली नव्हती. ‘कसे आहात?’ असं कुणी विचारलं की पप्पा कधीच ‘ठीक आहे’ म्हणायचे नाहीत. खालचे दुकानवाले विचारायचे, ‘काय मिलिटरी, कसं काय?’ तर पप्पा म्हणायचे, ‘दूध न्यायला आलोय.’ माझी मावशी फोनवर विचारायची, ‘भावजी, बरे आहात ना?’ तर म्हणायचे, ‘फोन तुमच्या बहिणीला देतो.’ बाकी माणूस सरळ उत्तर देणारा. एवढ्या एका प्रश्नाला मात्र बगल द्यायचे. सगळ्यांकडून ओके रिपोर्ट घ्यायचे आणि स्वतः कधी द्यायचे नाहीत.

दुसरी गोष्ट पालेगावच्या फोनची.

अंबरनाथ पूर्वेला पालेगाव आहे. तिथला एक मुलगा पप्पांच्या हाताखाली होता. मी त्याला दादा म्हणायचे. हजारो किलोमीटर लांब, बर्फात, आपल्या पुढच्याच स्टेशनचा माणूस भेटला याचं दोघांनाही इतकं अप्रूप, की दोघांची रजा जुळली की तो आमच्याकडे हटकून यायचा. येताना शेतातल्या वालाच्या शेंगा घेऊन यायचा आणि मला चिडवायचा. ‘मॅडम, मना जरा इंग्लिश शिकवा. साहेबाला रजा मागायची हाय, पण अशी मागायची का तो रडला पायजे.’ त्याच्यासमोर मी बऱ्यापैकी बोलायचे. तो समोरच्याला गप्प बसूच द्यायचा नाही.

मागच्या वर्षी सीमेवर काही दिवस तोफांचा मारा चालला होता, त्यात तो गेला. टीव्हीवर एक दिवस त्याचा फोटो आला. पालेगावात त्याला आणलं तेव्हा आई गेली होती. पप्पा अजून त्याच चौकीवर होते. पाच-सहा महिन्यांनी त्यांची नोकरी संपली आणि ते परत आले. पहिल्या आठवड्यात आई म्हणाली, ‘पालेगावला जाऊन येऊ.’ पप्पा म्हणाले, ‘जाऊ.’ मग दर आठवड्याला आई म्हणायची आणि पप्पा ‘जाऊ’ म्हणायचे. पालेगाव आमच्याकडून स्कूटरवर अर्ध्या तासाच्या आत येतं.

दादाचे बाबा फोन करायचे. पप्पा स्क्रीनकडे बघत राहायचे आणि फोन वाजून वाजून बंद पडायचा. शेवटी एकदा त्यांनी माझ्या नंबरवर केला.

‘बाय, तुजा बापूस हाय का घरान?’

पप्पा समोरच होते. मी म्हणाले, ‘आहेत, पण...’

‘तो माजा फोन उचलत नाय. र्‍हाउंदे. त्याला सांग, पुढच्या ऐतवारी वर्षश्राद्ध हाय. त्यानी यवाला पायजे. शेवटाला पोर्‍याजवल तोच व्हता, आमी नव्हतो. आमाला त्याच्याकरनं आयकाचा हाय.’

मी निरोप दिला. पप्पांनी मान हलवली आणि वर गच्चीत पाण्याची टाकी बघायला गेले. टाकी त्यांनी सकाळीच बघितली होती.

‘बघ आता,’ आई म्हणाली. ‘गोळ्यांना भ्याला नाही हा माणूस, आणि एका म्हाताऱ्याला भितोय.’ ती चेष्टेत म्हणाली, पण पीठ मळता मळता थांबली होती.

हे झालं आणि तीन-चार दिवसांनी उल्हासनगरची गोष्ट घडली.

मी तिथल्या कॅम्प पाच या भागात एका बाईंकडे काम करते. त्यांचा लहान मुलींचे फ्रॉक शिवण्याचा धंदा आहे. खाली दुकान, वर शिलाई मशीन. मी कॉम्प्युटरवर फ्रॉकचे फोटो टाकते, ऑर्डरी बघते. मालकीणबाई सिंधी आहेत. त्यांना सगळे आंटी म्हणतात. लाडात आल्या की मला ‘पुट’, म्हणजे बाळा, म्हणतात आणि चिडल्या की ‘मॅडमजी’. त्या दिवशी सकाळपासून ‘मॅडमजी’च चालू होतं, कारण एका ऑर्डरमध्ये माप चुकलं होतं, माझ्याकडूनच. त्या गडबडीत मी पोहोचल्याचा रिपोर्ट टाकायला विसरले. दुपारी फोन चार्जिंगला लावला आणि दोन गल्ल्या पलीकडे भरतकामवाल्याकडे फ्रॉक आणायला गेले.

पुढचं मला आंटींनीच नंतर सांगितलं. पप्पांनी माझ्या फोनवर तीनदा रिंग दिली. मग दुकानाच्या नंबरवर फोन केला. आंटी गिऱ्हाइकाला फ्रॉक दाखवत होत्या.

‘हाँ हाँ भाईसाहब, इधर ही है. सब ठीक है, टेन्शन मत लो.’

‘ज़रा उसको फोन दीजिए.’

‘अभी देती हूँ,’ म्हणून त्यांनी फोन बाजूला ठेवला, आणि गिऱ्हाईक घासाघीस करायला लागल्यावर विसरून गेल्या.

मी गठ्ठा घेऊन परतले तेव्हा पप्पा दुकानात उभे होते. डोक्यावर हेल्मेट तसंच. बदलापूरहून स्कूटर घेऊन ते सरळ आले होते. आंटी मला बघून मोठ्यांदा म्हणाल्या, ‘लो! आ गई आपकी राजकुमारी. बोला था ना, सब ठीक है?’

पप्पा त्यांच्याकडे वळले. आवाज चढवला नाही. ‘आपने देखा था?’

‘क्या?’

‘बोलने से पहले. अंदर जाके देखा था कि वो है?’

‘अरे भाईसाहब, दो मिनट को बाहर गई थी...’

‘देखे बिना बोला ना?’

आंटी हातातल्या फ्रॉकची घडी घालायला लागल्या.  पप्पा हेल्मेटचा पट्टा सोडवायचा प्रयत्न करत होते आणि तो सुटत नव्हता. वरच्या मशिनी एकेक करून थांबल्या, कारीगर जिन्यातून वाकून बघायला लागले. मला लाज वाटली. खरं सांगायचं तर आधी लाजच वाटली, काळजी नंतर. मी पुढे होऊन त्यांचा पट्टा सोडवला. असं मी त्यांच्या इतक्या जवळ कितीतरी वर्षांत उभी राहिले नव्हते. आंटी हळूच म्हणाल्या, ‘जा पुट, आज घर जा. पापा को पानी पिला.’

मी स्कूटरवर मागे बसले. अंबरनाथला रस्त्याच्या कडेला उसाच्या रसाचं एक गुऱ्हाळ लागतं, तिथे पप्पांनी गाडी थांबवली. दोन ग्लास सांगितले. बाकावर बसताना त्यांनी पाठ भिंतीकडे घेतली आणि रस्ता समोर ठेवला. घुंगरांचा आवाज करत चरक फिरत होता. रस आला तरी त्यांनी ग्लासाला हात लावला नाही.

‘मी पण असंच केलं होतं,’ ते म्हणाले.

मला वाटलं ते काहीतरी लहानपणीचं सांगतायत.

मग त्यांनी सांगितलं. सरळ, जसं वरिष्ठांना सांगत असतील तसं. चौकीवर तीन मोर्चे, म्हणजे बंकर, होते. मधल्यात ते, डावीकडच्यात दादा, उजवीकडे आणखी दोघं. दर अर्ध्या तासाला पप्पांनी दोन्ही मोर्च्यांना फोन करायचा, सगळे ठीक आहेत ना विचारायचं आणि मग वर कळवायचं. त्याला ओके रिपोर्ट म्हणतात. दिवसातून कितीतरी वेळा, वर्षानुवर्षं. त्या सकाळी मारा थांबत आला होता, अधूनमधून एखादाच गोळा पडत होता. साडेसहाला दादा बोलला होता, चहा टाकतोय म्हणाला होता. सातला पप्पांनी त्याला फोन लावला. त्याने उचलला नाही.

‘तो कधीच पहिल्या रिंगला उचलायचा नाही,’ पप्पा म्हणाले. ‘कायम काहीतरी उद्योग. मी तीनदा वाजवला. वरून लाईन धरून ठेवली होती, ते ओरडत होते, रिपोर्ट दो, रिपोर्ट दो. मी दिला. सेंटर ओके, राईट ओके, लेफ्ट ओके. सब ठीक.’

गुऱ्हाळवाल्याने चोथा काढायला चरक थांबवला.

‘वीस मिनिटांनी मला राहवेना म्हणून गेलो. चहाचं पाणी सांडलं होतं. साडेसहानंतर पडलेल्या शेवटच्या गोळ्याचा तुकडा लागला होता. डॉक्टर म्हणाले, लगेच गेला असेल. असेल, म्हणाले. आणि मी वीस मिनिटं आधी वर सांगून बसलो होतो की तो ठीक आहे.’

‘कुणाला माहीत आहे?’ मी विचारलं.

‘तुला.’

मला काहीतरी बोलायला हवं होतं. इतक्या वर्षांत पप्पांनी मला पहिल्यांदाच स्वतःचं काही सांगितलं होतं. आणि माझ्या तोंडातून सवयीने जे बाहेर पडलं ते असं: ‘ओके.’

म्हटल्याबरोबर मला ते ऐकू आलं. मी तोंडावर हात ठेवला. पप्पा माझ्याकडे बघत राहिले आणि मग, मला अजून खरं वाटत नाही, पण ते हसले. नाकातून, थोडंसंच. मग त्यांनी रस एका दमात संपवला आणि रुमालाने डोळे पुसले.

‘ऐतवारी मी काय सांगू त्यांना?’ ते म्हणाले. ‘ते विचारणार, शेवटी काय झालं. मी म्हणेन, शूर होता, त्रास झाला नाही. सगळे तेच म्हणतात. म्हणजे पुन्हा तोच रिपोर्ट. न बघता दिलेला.’

‘आणि खरं सांगितलं तर?’

‘तर त्यांना वाटेल, या माणसाने तेव्हाच जाऊन बघितलं असतं तर.’ ते उठले. ‘मला पण तेच वाटतं.’

घरी आल्यावर त्यांनी आईलाही सांगितलं. आईने ऐकून घेतलं, आणि त्या दिवसापासून तिने ग्रुपवर ‘शत्रू दिसला नाही’ लिहिणं बंद केलं.

रविवारी आम्ही तिघंही पालेगावला गेलो. पूर्वी दादा सांगायचा, ‘आमच्या दारातनं डोंगर दिसतो.’ आता त्याच्या दारातून टॉवर दिसतात. घर तेवढं जुनं, कौलारू, मागे गोठा, आणि गोठ्याला लागूनच नव्या बिल्डिंगचं पायाचं काम. जमिनीत काहीतरी ठोकलं जात होतं, दर थोड्या वेळाने धप्प आवाज यायचा. पहिल्या आवाजाला पप्पांची पावलं अडखळली. आईने त्यांचं मनगट धरलं आणि मंडपापर्यंत सोडलं नाही.

दारात मोठा बॅनर होता. गणवेशातला दादा, त्याच्या मागे तिरंगा, खाली गावातल्या पुढाऱ्यांचे दादापेक्षा मोठे फोटो. विधी झाल्यावर मंडळातल्या एका तरुणाने माईक हातात घेतला. ‘आता आपल्या वीर जवानाच्या शेवटच्या क्षणांचे साक्षीदार, साहेब आपल्यासमोर दोन शब्द बोलतील.’

‘मी साहेब नाही, हवालदार आहे,’ पप्पा म्हणाले. ते माईकवर गेलं आणि सगळ्यांना ऐकू आलं.

दादाचे बाबा पुढच्या खुर्चीवर बसले होते. पांढरी टोपी, गुडघ्यांवर दोन्ही हात. त्यांच्यामागे दादाची आई बायकांमध्ये. मी आईला चिकटून उभी होते. हा माणूस आता काय सांगणार, हे त्या अख्ख्या मंडपात फक्त मला आणि आईला माहीत नव्हतं. बाकीच्यांना वाटत होतं, आपल्याला माहीत आहे.

‘तो चांगला सैनिक होता,’ पप्पा म्हणाले. ‘चहा वाईट करायचा.’

लोक हसावं की नाही या विचारात पडले. दादाची आई तेवढी हसली. मागे धप्प आवाज झाला.  माईक पप्पांच्या हातात होता आणि त्यांचा श्वास सगळ्या गावाला ऐकू येत होता.

‘बाकीचं मला त्याच्या आईवडिलांना सांगायचं आहे,’ ते शेवटी म्हणाले. ‘माईकवर नाही.’ आणि त्यांनी माईक त्या तरुणाच्या हातात दिला.

जेवणाची पंगत बसली. पप्पा बसले नाहीत. शर्टाच्या बाह्या सरसावून त्यांनी वरणाची बादली घेतली आणि वाढायला लागले. त्यांच्या युनिटमध्ये मोठ्या जेवणाच्या दिवशी वरच्या हुद्द्याची माणसं जवानांना वाढायची, ते त्यांना येतंच. तीन पंगती उठल्या. भात, वरण, वालाचं बिरडं, वडे, खीर, सगळं त्यांनी वाढलं. दादाची आई दारात उभी राहून त्यांच्याकडे बघत होती.

माणसं पांगल्यावर दादाच्या बाबांनी त्यांना मागच्या ओट्यावर नेलं. मी बाजूला व्हायला लागले तर पप्पा म्हणाले, ‘तू थांब.’ म्हणून मी थांबले. म्हैस रवंथ करत होती. पप्पांनी गुऱ्हाळात सांगितलं होतं तेच सगळं सांगितलं, त्याच क्रमाने, एकही गोष्ट मऊ न करता. सांडलेल्या पाण्यापर्यंत आले आणि थांबले.

बाबांनी म्हशीपुढे पेंढा सरकवला.

‘कितींदा वाजवलास फोन?’

‘तीनदा.’

‘घरी पन नाय उचलायचा,’ बाबा म्हणाले. ‘मी पाच-पाचदा करायचो. मंग दोन दिवसांनी करायचा न् बोलायचा, बाबा, कं झाला? कोन मेला?’ ते हसायला गेले आणि त्यांचा आवाज फाटला.

दारातून दादाची आई म्हणाली, ‘ती वीस मिन्टं. एकटा व्हता?’

ती कधी येऊन उभी राहिली होती, आम्हाला कळलं नव्हतं. हाच प्रश्न येणार हे पप्पांना माहीत असावं. ‘नाही’ म्हणणं किती सोपं होतं. मीसुद्धा मनात म्हणत होते, नाही म्हणा.

‘हो काकू,’ पप्पा म्हणाले. ‘एकटा होता. मी यायला हवं होतं.’

ती आत निघून गेली. आत भांडी वाजली.  मला वाटलं, झालं, आता आपण निघायचं आणि पुन्हा कधी इथे यायचं नाही. ती बाहेर आली तेव्हा तिच्या हातात वाढलेलं ताट होतं. तिने ते पप्पांसमोर ठेवलं.

‘सगल्यांना वाढलास,’ ती म्हणाली, ‘तुजा जेवन नाय झाला. मी बघत व्हते.’ मग ती तिथेच खाली बसली. ‘मी रागावलेय तुज्यावर. पन जेव.’

पप्पा जेवले. त्या दिवशी त्यांना चार मिनिटं पुरली नाहीत. ती समोर बसून राहिली, वडा संपला की दुसरा टाकत राहिली, आणि मध्येच पदराने डोळे पुसत राहिली. तिचा राग गेला असं मला वाटलं नाही. ती तो लपवतही नव्हती. पण ताट काही तिने रिकामं होऊ दिलं नाही.

निघताना बाबा स्कूटरपर्यंत आले. पप्पांच्या छातीवर बोट टेकवून म्हणाले, ‘तिथं तू अर्ध्या-अर्ध्या तासाला फोन करायचास ना? मना दिवसातनं एकदा कर. सकाली. मना पन रिपोट पायजे, न् मी पन देईन. पन ओके-बिके नाय चालनार. हाय तसा सांगाचा.’

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता पप्पांनी फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि आम्ही तिघं चहा पीत होतो. बाबांनी पहिल्या रिंगला उचलला.

‘लिवून घे. डावा गुडगा दुखतो. म्हशीनी दूध कमी दिलाय. बिल्डरचे मानसानी आमचे कंपाउंडचे आत इटा टाकल्यात, मी शिव्या दिल्यात. हिनी रात्रीपासनं तोंड फिरवलाय. आता तुजा बोल.’

‘माझं ठीक आहे,’ पप्पा म्हणाले. इतक्या महिन्यांत स्वतःबद्दल ‘ठीक’ हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला, बहुतेक घाईत निसटला असावा.

‘खोटा रिपोट,’ बाबा म्हणाले. ‘पुन्यांदा.’

आई कपात बघून हसू दाबत होती. पप्पांनी एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. मग फोन जवळ ओढून, जरा खालच्या आवाजात म्हणाले, ‘झोप लागत नाही. पहाटे उठून बसतो. कुणी फोन उचलला नाही की हात कापतात. सोफा हलवला तरी दाराकडेच लक्ष राहतं.’

‘हा,’ पलीकडून आलं. ‘आता कसा!’

याला आता दोन महिने होतील. रोज सातला फोन होतो. पप्पांचे हात अजून कापतात, सोफा अजून दाराकडे तोंड करूनच आहे. आईने त्यांना उल्हासनगरच्या एका डॉक्टरीणबाईंकडे न्यायला सुरुवात केली आहे. तिथे जाताना ते म्हणतात, ‘रिपोर्ट द्यायला चाललोय.’ दादाची आई एकदाच फोनवर आली. वाल लागलेत, घेऊन जा, एवढंच म्हणाली आणि फोन ठेवला. आम्ही जाऊन घेऊन आलो.

राहिले मी. ग्रुपवर माझा रिपोर्ट रोज जायचा तसाच जात होता. ‘पोहोचले. ओके.’ परवा दुकानात आंटी सगळ्यांसमोर पुन्हा ‘मॅडमजी’ करून ओरडल्या. मी नेहमीसारखी ‘सॉरी आंटी’ म्हणून गप्प बसले, आणि जेवणाच्या सुट्टीत फोन हातात घेतला. ‘ओके’ लिहिलं. पुसलं. परत लिहिलं. मग लिहिलं: ‘पोहोचले होते. आज माप पुन्हा चुकलं. आंटी ओरडल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. आता वडापाव खातेय. मला ही नोकरी आवडते की नाही ते कळत नाहीये.’

पाठवलं आणि वडापाव बाजूला ठेवला. पप्पा टाइप करतायत असं बराच वेळ दिसत राहिलं. बंद झालं, पुन्हा दिसलं. ते एका बोटाने टाइप करतात.

मग आलं: ‘रिपोर्ट मिळाला. संध्याकाळी घ्यायला येऊ का? तू हो म्हणालीस तरच.’

मी लिहिलं, ‘या.’